दोनदा अलाइनमेंट केलं, दोन्ही कागद हिरवेगार, तरी हेवी ड्युटी पिकअप पुढचे टायर खातेय

रिकामा_ट्रेलर :
नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचून जातो पण आता डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. गाडी एक टनी पिकअप, फोर बाय फोर, पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्याला) कॉइल स्प्रिंगवर, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). मागच्या खोक्यात हत्यारं कायम भरलेली असतात, ६०० किलोच्या आसपास वजन, आणि आठवड्यातून दोनेक वेळा ट्रेलर. चारही टायर नवे टाकले तेव्हाच अलाइनमेंट करून घेतलं. आठवडाभर झक्कास चालली, मग स्टिअरिंग हळूच उजवीकडे यायला लागलं, म्हणजे गाडी सरळ जातेय पण चाक वाकडं. ४,००० किमीला पुढून घूं घूं आवाज सुरू झाला, टायरवर हात फिरवला तर ब्लॉक करवतीसारखे. परत अलाइनमेंट केलं, स्टिअरिंग सरळ करून दिलं, दोन आठवड्यांत परत उजवीकडे! घड्याळाच्या एका मिनिटाच्या खुणेइतकं. आता टायरवर ९,००० किमी झालेत. दोन्ही वेळचे कागद हिरवे आहेत, एक लाल आकडा नाही. दुकानदार म्हणतो टायरच खराब निघाले, बदला. माझा काही विश्वास बसत नाहीये. तुम्ही काय म्हणता?

टॉर्करेंच :
टायर लगेच बदलू नकोस, जुने टायरच सांगतील काय झालंय ते. आधी दोन गोष्टी सांग. एक, हवा किती ठेवतोस आणि कधी बघतोस (सकाळी थंड असताना का चालवून आल्यावर). दोन, करवत कुठल्या दिशेला आहे. तळवा टायरवर आडवा फिरव, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत लागेल, दुसऱ्या दिशेला टोचेल. बाहेरून आत नेताना टोचलं तर टो-आउट, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला फाकलेली. आतून बाहेर आणताना टोचलं तर टो-इन, म्हणजे पुढच्या बाजूला आत वळलेली.

मी_पामर :
एवढं कशाला, स्टिअरिंगचा नट काढायचा, चाक उपसायचं आणि एक दाता फिरवून परत बसवायचं. माझ्या जुन्या गाडीला असंच केलं होतं. पाच मिनिटांचं काम.

खडूची_रेघ :
@मी_पामर, हे कृपया कुणी करू नका!! चाकामागे एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (गुंडाळलेली वायर) असते आणि अँगल सेन्सर असतो. गाडीच्या स्टॅबिलिटी कंट्रोलला वाटणार ड्रायव्हर सतत उजवीकडे वळतोय. आणि सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीतही ते चूकच आहे, कारण या गाड्यांच्या स्टिअरिंग बॉक्सला बरोबर मधोमध एक घट्ट जागा दिलेली असते, तिथे गिअरमधला प्ले (मोकळीक) सगळ्यात कमी असतो. चाक उपसून फिरवलं की दिसायला सरळ, पण बॉक्स आतून मध्यावर नाहीच, मग हायवेला गाडी सैल सैल वाटते आणि लोक बॉक्सचा स्क्रू आवळत बसतात. सॉलिड अ‍ॅक्सलला स्टिअरिंग मध्यावर आणायचं ते ड्रॅग लिंकची (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) लांबी फिरवून, टो लावायचा टाय रॉडच्या (दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) स्लीव्हने, म्हणजे त्याच्यावरच्या आट्यांच्या नळीने. दोन वेगळी कामं आहेत ती.

मी_पामर :
बरं बाबा, चुकलं. माझी गाडी सैल का वाटायची ते आज कळलं 😅

रिकामा_ट्रेलर :
@टॉर्करेंच हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, दर रविवारी सकाळी बघतो. आत्ता खाली जाऊन हात फिरवून आलो. बाहेरून आत नेताना टोचतंय, दोन्ही टायरला, डाव्याला जरा जास्त. म्हणजे टो-आउट? पण कागदावर तर टो-इन आहे!

पाटेवाले_काका :
कागदावर "आहे" आणि रस्त्यावर "असतो" यात फरक असतो बाबा. दोन्ही कागद अजून ठेवलेत का? असतील तर सगळे आकडे इथे टाक, आधीचे आणि नंतरचे, मागच्या चाकांचे पण. लोक फक्त खालचा हिरवा रकाना बघतात आणि घडी घालून डॅशबोर्डमध्ये टाकतात. गंमत असते "आधी"च्या रकान्यात.

रिकामा_ट्रेलर :
आहेत काका. टायपून काढतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

पहिला कागद, काम झाल्यावर : कॅंबर (चाकाचा आत-बाहेर कल) डावा −०.१, उजवा +०.१, कॅस्टर (चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागे तिरपेपणा) डावा ४.१, उजवा ४.४, एकूण टो +०.१६ (अधिक म्हणजे टो-इन), थ्रस्ट अँगल (मागची चाकं सरळ रेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) ०.०८.
दुसरा कागद, काम सुरू करायच्या आधी : कॅंबर तेच, कॅस्टर तेच, एकूण टो −०.०९, थ्रस्ट अँगल ०.३१. काम झाल्यावर टो परत +०.१६, थ्रस्ट ०.३१ तसाच.
सगळं अंशात.

निवांत :
कॅस्टर कॅंबर झकास आहे की. सॉलिड अ‍ॅक्सलला एवढं जुळलेलं क्वचित दिसतं. मी तर म्हणतो टायरच बोगस.

पाटेवाले_काका :
निवांतराव, जरा थांबा. कॅस्टर-कॅंबर दोन्ही वेळेला तंतोतंत तेच आलं, याचा अर्थ मशीन चांगलं आहे, क्लॅम्प नीट लावलेत, मोजणाऱ्याने हलगर्जीपणा केलेला नाही. मग ज्या दोन गोष्टी बदलल्या त्या खरोखरच बदलल्यात.

पहिली म्हणजे टो. +०.१६ लावून दिला होता, काही हजार किमीत −०.०९ झाला. एकतर स्लीव्हचा क्लॅम्प नीट आवळला नव्हता, नाहीतर टाय रॉडचा एखादा एंड गेलाय.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. थ्रस्ट अँगल ०.०८ चा ०.३१ झाला. आता मला सांगा, मागे सॉलिड अ‍ॅक्सल पाट्यांवर यू-बोल्टने घट्ट बांधलेला. तिथे अलाइनमेंटवाल्याला फिरवायला एकही स्क्रू नाही. मग तो आकडा बदललाच कसा? अ‍ॅक्सल सरकल्याशिवाय बदलणारच नाही. पण मर्यादेच्या आत होता म्हणून मशीनने हिरवा दाखवला आणि हिरव्याकडे कोण बघतंय.

मागचा अ‍ॅक्सल तिरका झाला की गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. मागची चाकं जरा उजवीकडे ढकलत असली तर सरळ जायला पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे धरावी लागतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. दुकानदाराने ड्रॅग लिंक फिरवून चाक सरळ करून दिलं, पण मागे अ‍ॅक्सल अजून सरकतोयच, म्हणून परत वाकडं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय हे.

टॉर्करेंच :
काकांना +१. फक्त एक सांगतो, थ्रस्ट अँगलने स्टिअरिंग वाकडं होतं पण पुढच्या टायरची करवत होत नाही, पुढची चाकं एकमेकांना समांतरच राहतात. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एकाच वेळी. म्हणूनच सगळे गोंधळलेत.

निवांत :
०.०९ अंश म्हणजे किती ते? केसाएवढं. त्याने टायर झिजतो?

खडूची_रेघ :
हिशोब करून बघू. ८०० मिमी व्यासाचा टायर धरा. उभ्या गाडीत −०.०९ दिसतोय पण चालताना रस्ता दोन्ही चाकांना मागे ढकलतो, ढिल्या जॉइंटमधला प्ले उघडतो, समजा रस्त्यावर तो −०.२५ होतो. टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेतला फरक आला साडेतीन मिमी. खरंच किरकोळ वाटतो. पण प्रत्येक चाकाच्या वाट्याला ०.१२५ अंश, म्हणजे दर किलोमीटरला चाक साधारण २.२ मीटर आडवं घासतंय. ९,००० किमी झाले म्हणताय ना, म्हणजे जवळपास २० किमी टायर फरशी पुसल्यासारखा आडवा ओढलाय. त्यात पुढे डिझेल इंजिनाचं वजन. करवत नाही होणार तर काय होणार.

निवांत :
😳 माघार.

पाटेवाले_काका :
रिकामा_ट्रेलर, उद्या उजेडात दोन तपासण्या कर. जॅक लावायचा नाही, गाडी चाकांवरच उभी पाहिजे, सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना चारही बाजूंनी अडण्या.

पहिली पुढची. इंजिन चालू, कुणाला तरी स्टिअरिंगवर बसव, आणि त्याने डावीकडे उजवीकडे थोडं थोडं, पाव फेरी, सारखं हलवत राहायचं. तू खाली बघ. बोटं जॉइंटच्या फटीत घालू नकोस, बाहेरून हाताने चाचप. टाय रॉडचे दोन्ही एंड, ड्रॅग लिंकचे दोन्ही, पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा), आणि ट्रॅक बार (पुढचा दांडा फ्रेमखाली आडवा सरकू न देणारा) दोन्ही टोकांना. टाय रॉड स्वतःभोवती जरा लोळतो, ते चालतं, घाबरू नकोस. पण कप आणि पिन यांच्यात "टक्" अशी उडी लागली तर तो एंड गेला. ट्रॅक बारच्या फ्रेमकडच्या बोल्टकडे नीट बघ, बोल्ट भोकात आडवा हलतोय का, तिथे ताजा लाल गंज पावडरसारखा पडलाय का. अशा गाड्यांचा निम्मा त्रास तिथूनच येतो. चाक जॅकवर उचलून हाताने हलवलं तर हे बरेचदा दिसतच नाही, कारण जॉइंटवर जोरच येत नाही.

दुसरी मागची. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लाव, दोन्ही बाजूंना. दोघांनी धरा, टेप झोळ खाऊ देऊ नका. मग मागच्या पाट्यांखाली बॅटरी मारून अ‍ॅक्सलच्या पॅडजवळ (पाटा टेकतो ती जागा) बघ.

चाकोरीबाहेर :
मध्येच विचारतो, सॉरी. माझी पण फोर बाय फोर आहे, साधारण ७०-८० च्या वेगात रस्त्यातला एखादा सांधा लागला की पुढचं सगळं थडथडतं, स्टिअरिंग हातातून सुटेल असं. स्टिअरिंग डँपर नवा टाकला, दोन महिने बरं होतं, परत सुरू. अलाइनमेंट करू का?

टॉर्करेंच :
तुझं आधी अलाइनमेंट नाही, आधी ट्रॅक बार, बॉल जॉइंट आणि टाय रॉड. ही थडथड सॉलिड अ‍ॅक्सलची ओळखीची आहे, ढिला ट्रॅक बार, त्यात कॅस्टर कमी किंवा टायर बॅलन्स नसलेला, एवढं जुळून आलं की सुरू. डँपर त्याच्यावर उशी दाबून ठेवतो, बरं करत नाही. दोन महिन्यांत डँपर संपला म्हणजे खालचं कायतरी रोज त्याला हाणतंय. आणि झालं तर ब्रेक करकचून मारू नकोस, स्टिअरिंग घट्ट पण शांत धरून पाय काढ, वेग उतरू दे.

चाकोरीबाहेर :
पुढे दोन इंचांची लेव्हलिंग किट पण टाकलीये, त्याचा संबंध असेल का

टॉर्करेंच :
आता सांगतोस होय! 😄 पुढचा दांडा धरणारे आर्म लांबीला तेच ठेवून पुढची बाजू उचलली की अ‍ॅक्सल पुढे गोल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या फोर्कचा तिरपेपणा रे, त्यानेच सायकल हात सोडूनही सरळ जाते. तो गेला की चाक स्वतःहून मध्यावर येत नाही, भिरभिरतं. या गाड्यांना साधारण ३ ते ५ अंश लागतो, नेमका आकडा तुझ्या मॅन्युअलमध्ये बघ. वेगळा धागा काढ, इथे गर्दी होतेय.

रिकामा_ट्रेलर :
काका!!! झोपलेलो नाही रात्रभर (ते दुसऱ्या कारणाने पण असो).

भावाला स्टिअरिंगवर बसवला. ट्रॅक बार घट्ट, ड्रॅग लिंक घट्ट. डाव्या टाय रॉड एंडला हात लावला आणि प्रत्येक वळणाला तळहातात टक् टक्. बाहेरून रबर बूट अगदी शाबूत, म्हणून मी तो कधी बघितलाच नव्हता. बूट दाबला तर आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं, ग्रीस नावाला नाही.

मागचं तर ऐकाच. टेप लावली, डावीकडे ४,०५५ मिमी, उजवीकडे ४,०७३. खोटं वाटलं म्हणून तीनदा मोजलं, भावाने टेपची टोकं बदलून मोजलं, तेच. १८ मिमी! मग खाली गेलो बॅटरी घेऊन. उजव्या पाट्याखाली अ‍ॅक्सलचा पॅड आहे ना, त्याच्या पुढच्या बाजूला सगळीकडे चिखल नि गंज, आणि मध्येच बोटाच्या जाडीएवढा चकचकीत पट्टा, नव्या स्टीलसारखा. तिथून अ‍ॅक्सल मागे सरकलाय. यू-बोल्टच्या नटला पान्हा लावला, विरोधच नाही, दोन बोटांनी फिरला. फोटो काढले पण हात थरथरत होते.

हे घेऊन मी ट्रेलर ओढत होतो.

पाटेवाले_काका :
गाडी हलवू नकोस. ट्रेलर तर नाहीच नाही. हळू चालवत नेऊ का असं विचारू पण नकोस, उचलून ने. मधला सेंटर बोल्ट तुटलाय हे ठरलेलं. पाटे एकत्र धरणारा आणि अ‍ॅक्सलला जागेवर बसवणारा तो बोल्ट, त्याचं गोल डोकं पॅडच्या भोकात बसतं. पण भार त्याने सोसायचाच नसतो, भार यू-बोल्टच्या आवळपणाने सोसायचा. यू-बोल्ट ढिले पडले की सगळं त्या करंगळीएवढ्या बोल्टवर येतं आणि तो कात्रीत सापडल्यासारखा तुटतो.

एक विचारतो, गेल्या वर्षभरात मागच्या पाट्यांचं काही काम केलं होतं का?

रिकामा_ट्रेलर :
हो. खोक्याच्या वजनाने मागून बसायची म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला होता, साताठ महिने झाले.

पाटेवाले_काका :
आणि यू-बोल्ट?

रिकामा_ट्रेलर :
जुनेच लावले. मीच म्हटलं होतं चांगले आहेत, राहू द्या 🤦

खडूची_रेघ :
सापडलं. यू-बोल्ट एकदा ताणून आवळला की तो ताणलेलाच राहतो, स्प्रिंगसारखा दाब धरतो. काढून परत लावला की तेवढा ताण धरत नाही, आटे पण एकदा चेपलेले असतात, टॉर्क आटे घासण्यातच जातो आणि पान्हा कट् वाजतो पण खाली दाब नसतो. शिवाय नवा पाटा हळूहळू बसतो, रंग नि गंज चिरडला जातो, थोडं ढिलं होतंच. म्हणून नवे यू-बोल्ट, गाडीचं वजन पाट्यांवर असताना, आलटून पालटून कोपरे धरून आवळायचे आणि काहीशे किमी चालल्यावर परत एकदा टॉर्क बघायचा. हे दुसऱ्यांदा बघणं कुणी करत नाही.

मी_पामर :
१८ मिमी म्हणजे थ्रस्ट किती होतो हो? सहज.

खडूची_रेघ :
दोन चाकांमधली रुंदी १,७३० च्या आसपास धरली तर ०.६ अंश. पहिल्या कागदावर ०.०८, दुसऱ्यावर ०.३१, आता ०.६. दुसऱ्या अलाइनमेंटनंतर वाढलेला ०.३, गुणिले स्टिअरिंगचं गुणोत्तर (पुढचं चाक एक अंश वळायला स्टिअरिंग किती अंश फिरतं) अंदाजे १८ ते २०, म्हणजे साडेपाच-सहा अंश. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये काय लिहिलंय बघा, घड्याळाचं एक मिनिट. एक मिनिट म्हणजे ६ अंश.

मी_पामर :
हाहा, जबरी!

टॉर्शनबार :
छान चाललाय धागा. माझी सिल्व्हरॅडो २५००एचडी, पुढे सॉलिड अ‍ॅक्सल नाही, टॉर्शन बारवाला इंडिपेंडंट सस्पेन्शन. मला यातलं काय लागू? टॉर्शन की फिरवून पुढून जरा वर घेतलीये.

टॉर्करेंच :
मागचं सगळं लागू, तुझ्याही मागे पाटेच आहेत. पुढे मात्र गणित वेगळं. सॉलिड अ‍ॅक्सलला उंची बदलली तरी कॅंबर हलत नाही कारण दोन्ही चाकं एकाच दांड्याला. तुझ्या गाडीत प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर गोल फिरतं, उंची बदलली की कॅंबर आणि टो दोन्ही बदलतात. त्यामुळे आधी उंची ठरव, दोन्ही बाजू सारख्या कर, गाडी थोडी चालवून बसू दे, मग अलाइनमेंट. कॅंबर-कॅस्टर वरच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टने फिरतं, टो टाय रॉडने. त्या बोल्टना हात लावून नंतर उंची बदललीस तर सगळं पाण्यात. तिकडे फोर्ड एफ-२५० वर्गातल्या फोर बाय फोरला वरच्या बॉल जॉइंटभोवती स्लीव्ह असते, ती वेगळ्या अंशाची टाकून कॅंबर-कॅस्टर मिळवतात. म्हणजे तिथे पान्ह्याने फिरवायचं नाही, भागच बदलायचा, म्हणून बरेच जण "कॅंबर होत नाही" सांगून मोकळे होतात.

चाकोरीबाहेर :
अजून एक (शेवटचं, शपथ). पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना पुढचे टायर कुरकुरतात नि गाडी अडल्यासारखी होते. टो?

खडूची_रेघ :
आधी बघ फोर व्हील ड्राइव्ह लागलेला राहिलाय का. कोरड्या डांबरावर लावून वळवलं की असंच होतं, पुढच्या मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचंय आणि मध्ये ट्रान्सफर केस दोघांना बांधून ठेवते. तो सुटा असूनही होत असेल तर स्टिअरिंग आर्म वाकलाय का बघायचं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, तरच दोन्ही न घासता फिरतात. ही युक्ती मोटारींच्या आधीची, घोडागाडीची आहे. म्युनिकच्या लँकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याची, पण इंग्लंडमध्ये १८१८ साली पेटंट घेतलं अ‍ॅकरमनने आणि नाव त्याचंच लागलं.

चाकोरीबाहेर :
फोर व्हील लागलेला होता. धन्यवाद. मी जातो.

रिकामा_ट्रेलर :
दहा दिवसांनी अपडेट. गाडी उचलूनच नेली काका, शप्पथ. वेगळ्या ठिकाणी. सेंटर बोल्ट उजवीकडचा मधोमध तुटलेला, दोन तुकडे पिशवीत घालून आणलेत. डावीकडचा शाबूत होता तरी तोही बदलला. चारही यू-बोल्ट नवे, टाय रॉडचे दोन्ही एंड नवे.

अलाइनमेंटला जायच्या आधी काकांनी फोनवर सांगितलं होतं की खोकं रिकामं करून नेऊ नकोस. मी विचारलं होतं का, इथेही लिहा ना, लोकांना उपयोग होईल.

पाटेवाले_काका :
कारण तुझी गाडी कायम भरलेलीच असते. मागून ७० मिमी बसली आणि व्हीलबेस चार मीटर, म्हणजे आख्खी फ्रेम एक अंश मागे झुकली, त्याबरोबर कॅस्टर एक अंश वाढला. रिकाम्या गाडीवर ४.५ आणला तर भरलेल्यावर ५.५ होणार, स्टिअरिंग जड. शिवाय पुढून उंची बदलली की ड्रॅग लिंकचा तिरपेपणा बदलतो आणि स्टिअरिंग मध्यावरून जरासं सरकतं. ज्या जुन्या गाड्यांना वाय आकाराची लिंक असते तिथे तर उंचीबरोबर टो पण बदलतो. म्हणून गाडी रोज जशी पळते तशीच मशीनवर चढवायची, टाकी पण भरून. ज्याची कधी भरलेली कधी रिकामी असते त्याने निम्मं वजन टाकून करावं, दुसरा उपाय नाही.

रिकामा_ट्रेलर :
तर भरलेलीच नेली. तिथल्या पोरीने (हो, मुलगी होती मशीनवर, आणि काय हात आहे!) आधी स्वतः खाली जाऊन सगळे जॉइंट हलवून बघितले, हवा बघितली, मग क्लॅम्प लावले, गाडी पुढे-मागे ढकलून क्लॅम्पचा वाकडेपणा काढला. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजल्या, निम्म्यावर आणून बांधलं, मग ड्रॅग लिंक. स्लीव्हचे क्लॅम्प आवळताना त्यांचे बोल्ट कुठे आपटणार नाहीत अशी दिशा बघून आवळले. शेवटी अँगल सेन्सर शून्य केला. सव्वा तास लागला. आधीच्या ठिकाणी वीस मिनिटांत व्हायचं.

आकडे : टो +०.१५, थ्रस्ट ०.०४, कॅस्टर डावा ४.६ उजवा ४.९.

निवांत :
कॅस्टर डावा-उजवा वेगळा का ठेवला? गाडी ओढणार नाही का?

टॉर्करेंच :
गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, बरोबर, पण ०.३ चा फरक हा काही ओढण्याइतका नाही. रस्ता पाणी जायला कडेला उतरता असतो म्हणून थोडा फरक बरेचदा मुद्दाम ठेवतात सुद्धा. ओढतेय असं वाटलंच तर आधी पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघायचे, ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. नाहीतर थोडं चालवून चारही रिमना हात जवळ नेऊन बघायचा, एक जास्त तापला असेल तर ब्रेक धरून बसलाय. अलाइनमेंट त्याच्या नंतर.

मी_पामर :
मग किती किमीला करायचं असतं शेवटी? कुणी १०,००० म्हणतं कुणी २०,०००

पाटेवाले_काका :
मी किमी मोजत नाही. नवे टायर टाकले, स्टिअरिंगचा कुठलाही एंड, बॉल जॉइंट, ट्रॅक बार बदलला, उंची बदलली, जोरात खड्ड्यात आदळली, किंवा स्टिअरिंग हललं, तेव्हा करायचं. बाकी दर महिन्याला टायरवर हात फिरवतो, फुकट आहे. पाटेवाल्या गाडीला ऑइल बदलताना यू-बोल्टच्या नटवर पण पान्हा टेकवायचा. मी तर नटवर आणि पॅडवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवतो, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

रिकामा_ट्रेलर :
रेघ आजच ओढली. ५०० किमीला परत आवळले, चारपैकी एका यू-बोल्टचे नट जरासे फिरले, बाकी जागेवर.

टायरचं म्हणाल तर पुढचे मागे टाकलेत. करवत लगेच जात नाही, आवाज अजून आहे पण आता पाठीमागून येतो, बायको म्हणते मागे कुणीतरी पीठ दळतंय. स्टिअरिंग मात्र टेपने वर मध्यावर खूण केली होती ती ३,००० किमी झाले तरी तिथेच आहे.

दुहेरी_मागे :
उशिरा आलो. माझ्या गाडीला मागे एका बाजूला दोन दोन चाकं आहेत, हबपर्यंत टेप नीट पोचत नाही, बाहेरचं टायर मध्ये येतं. कसं मोजू?

खडूची_रेघ :
चाकाचा नाद सोड. दोन्ही बाजूंच्या पाट्याच्या पुढच्या आयचा (टोकाच्या गोल कडीचा) बोल्ट धर, त्याच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या नळीच्या पुढच्या कडेपर्यंत मोज. फक्त एक लक्षात ठेव, पाटे चाकांपेक्षा आत असतात, त्यामुळे तिथे फरक कमी दिसेल. ह्या धाग्यातले १८ मिमी तिथे ११-१२ च भरले असते. पाच मिमी जरी आला तरी खाली वाकून पॅड बघ.

दुहेरी_मागे :
ओके. आत्ता अंधार पडलाय, सकाळी बघून सांगतो.